खानदेशातील वास्तुरचना : धाब्याच्या घरापासून स्मार्ट इमारतीपर्यंत

प्रस्तावना :

जळगाव जिल्ह्यातील भुसावळ तालुक्यात, तापी नदीच्या दक्षिणेस वरणगाव वसलेले आहे. १९६४ मध्ये येथे आयुध निर्माणी स्थापन झाली. तापीवरील हतनूर धरण आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र याच परिसरात आहेत. तापीच्या वरच्या अंगास, ईशान्येकडे, फारुकी राजवटीची राजधानी असलेले बुऱ्हाणपूर आहे. आज ते मध्य प्रदेशात असले तरी इतिहासात ते खानदेशचेच शहर होते. पाणी, ऊर्जा आणि बांधकाम यांचा परस्परसंबंध कालानुक्रमे अभ्यासण्यास हा परिसर म्हणूनच उपयुक्त ठरतो.

अलीकडे 'स्मार्ट इमारत' आणि 'शाश्वत वास्तू' हे शब्द एकत्र उच्चारले जातात. संवेदक, स्वयंचलित दिवे, सौर पट्ट्या आणि स्मार्ट मीटर म्हणजेच शाश्वतता, असा समज त्यातून रूढ होत आहे. खानदेशाचा अनुभव या समजाला पुष्टी देत नाही. येथील ज्या रचना दीर्घकाळ टिकल्या, त्यांत स्थानिक हवामानाची जाण होती आणि देखभालीची सोय मूळ आराखड्यातच होती. या दोन गोष्टींच्या आधारे जुन्या व नव्या वास्तुतंत्राचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

धाब्याचे घर :

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. या उन्हाला येथील ग्रामीण समाजाने दिलेले उत्तर म्हणजे धाब्याचे घर. जाड मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया व कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि सर्वांत वर खाऱ्या पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची सर्वसाधारण रचना असे. मातीच्या जाडीमुळे दुपारची उष्णता आत पोहोचण्यास काही तास लागत. तोपर्यंत ऊन कललेले असे आणि रात्री छप्पर ती उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडून देत असे. उन्हाळ्यात कुटुंब रात्री धाब्यावर झोपत असे. दिवसा खाली आणि रात्री वर, असा घराचा वापरही हवामानाशी जुळलेला होता.

या घरांचे गुणगान करताना त्यांचे दोष विसरता येत नाहीत. आत उजेड कमी असे, लाकडाला वाळवी लागे, संततधार पावसात छप्पर गळे आणि प्रसंगी खचे. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर माती टाकून चोपावी लागे. हे काम घरच्या माणसांच्या व गावातील मजुरांच्या श्रमावर अवलंबून होते. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरील सरकारी नियंत्रण वाढवले, तर रेल्वेमुळे बाहेरचे बांधकाम साहित्य येणे सुकर झाले. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ पर्यंत पूर्ण झाला आणि वरणगावही या मार्गावर आले. पुढे पत्रा, कौले, सिमेंट आणि सळई यांनी धाब्याची जागा क्रमाक्रमाने घेतली. सिमेंटच्या स्लॅबने गळतीचा आणि वार्षिक श्रमाचा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. परंतु चार-पाच इंच जाडीचा उघडा स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खालच्या खोलीत उष्णता सोडत राहतो. जो प्रश्न धाब्याने सोडवला होता, तो नव्याने उभा राहिला आणि त्याचे उत्तर विजेच्या पंख्यात, कूलरमध्ये व पुढे वातानुकूलनात शोधले गेले.

कुंडी भंडारा :

खानदेश १६०१ मध्ये मुघल साम्राज्यात आला. दक्षिणेच्या मोहिमांचा तळ म्हणून बुऱ्हाणपूरची लोकसंख्या वाढली आणि पाण्याची गरजही वाढली. १६१५ मध्ये, जहांगीरच्या कारकीर्दीत, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या आश्रयाखाली तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने येथे भूमिगत पाणीपुरवठ्याची योजना आखली. सातपुड्याच्या उतारावरून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालील बोगद्यांत अडवून ते केवळ उताराच्या बळावर शहराकडे नेण्यात आले. मातीच्या नळांतून ते वस्तीला व शाही इमारतींना मिळत असे. इराणमधील कनात पद्धतीशी या रचनेचे साम्य आहे. या जलव्यवस्थेतील कुंडी भंडाऱ्यात शंभरहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी विवरे, एकमेकींना बोगद्याने जोडलेली आहेत.

या कुंड्यांचे कार्य विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांतून बोगद्यात हवा खेळते, पाण्याची पातळी वरून पाहता येते आणि गाळ काढण्यासाठी माणसाला आत उतरता येते. निरीक्षण आणि दुरुस्ती यांची वाट मूळ आराखड्यातच ठेवलेली होती. आजच्या स्मार्ट व्यवस्थेतील संवेदकाकडून जे काम अपेक्षित असते, त्यातील बराचसा भाग या विवरांनी बाह्य ऊर्जेशिवाय केला. पुढे मात्र बोगद्यांत क्षारांचे थर साचले, देखभाल क्षीण झाली आणि भूजलाच्या वाढत्या उपशाने मूळ स्रोतावर ताण आला. मार्च २०२४ मध्ये या वास्तूचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला. हा तिच्या रचनेचा सन्मान आहे. परंतु वारसा म्हणून मान्यता मिळणे आणि व्यवस्था म्हणून कार्यरत राहणे या भिन्न गोष्टी आहेत.

नियम आणि साधने :

स्वतंत्र भारतात ऊर्जाबचतीचा विचार २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने औपचारिक झाला. २००७ मध्ये व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली आणि २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' २०१८ मध्ये जाहीर झाली. भिंती, खिडक्या व छत यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घालणे हा या निवासी संहितेच्या पहिल्या भागाचा गाभा आहे. म्हणजे इमारतीच्या कवचाचा जो विचार धाब्याच्या घरात अनुभवातून झाला होता, तोच येथे आकडेमोडीच्या भाषेत मांडला गेला.

साहित्याच्या बाबतीतही या परिसराला विशेष संधी आहे. औष्णिक केंद्रांतील राखेच्या वापराविषयी केंद्र शासनाने १९९९ मध्ये अधिसूचना काढली. केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील वीट उत्पादकांना किमान २५ टक्के राख वापरणे तीत बंधनकारक करण्यात आले. २००३ मध्ये हे अंतर १०० किलोमीटर झाले. दीपनगरच्या सान्निध्यामुळे वरणगाव या मर्यादेत सहज येते. राखेच्या विटांमुळे सुपीक मातीचा उपसा कमी होतो. मात्र केवळ वीट बदलल्याने खोली थंड होत नाही. छताचा आणि सावलीचा विचार स्वतंत्रपणे करावाच लागतो.

जून २०१५ मध्ये सुरू झालेले स्मार्ट सिटी अभियान मार्च २०२५ मध्ये संपले. त्यातील १०० शहरांत खानदेशातील एकाही शहराचा समावेश नव्हता. त्यामुळे येथील नगरपालिका, शाळा आणि महाविद्यालये यांना आपला मार्ग बव्हंशी स्वतःच आखावा लागणार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेत घरगुती छतावरील सौर विजेसाठी अनुदानाची तरतूद करण्यात आली. भरपूर ऊन असलेल्या खानदेशास ही योजना अनुकूल आहे.

महाविद्यालयांची भूमिका :

नॅकच्या सुधारित मूल्यांकन आराखड्यात सौर ऊर्जा, एलईडी दिवे, पर्जन्यजल संधारण यांबरोबर संवेदकाधारित ऊर्जाबचतीचाही समावेश झाला. त्यामुळे हा विषय वास्तुविशारदांपुरता न राहता प्राध्यापकवर्गाच्या दैनंदिन जबाबदारीत आला. येथेच मूळ प्रश्न उपस्थित होतो. रिकाम्या वर्गातील पंखा बंद करणारा संवेदक वीज वाचवतो. परंतु वरच्या मजल्यावरील तापलेल्या वर्गात परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याचा त्रास तो कमी करत नाही. अहवालात साधनांची नोंद होते, खोलीच्या तापमानाची होतेच असे नाही.

खानदेशाच्या इतिहासावरून उपायांचा एक क्रम सुचतो. प्रथम ऊन अडवावे : छतावर उष्णतारोधक थर किंवा परावर्तक पांढरा पृष्ठभाग, पश्चिमेच्या भिंतीला सावली आणि समोरासमोर खिडक्या. त्यानंतर छतावरील पाणी जमिनीत मुरवावे. पुढे उरलेल्या गरजेपुरती सौर वीज निर्माण करावी आणि अखेरीस संवेदकांची योजना करावी. हा क्रम उलटा केल्यास सदोष इमारतीचीच कार्यक्षम चालना होते. प्रत्येक टप्प्यावर देखभालीची जबाबदारी नेमून द्यावी. न पुसलेली सौर पट्टी आणि गाळाने भरलेला शोषखड्डा यांची गत न चोपलेल्या धाब्यासारखीच होते.

समारोप :

धाब्याचे घर जसेच्या तसे परत आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. कुंडी भंडाऱ्याची नक्कलही सर्वत्र करता येणार नाही. परंतु दोहोंमागील दृष्टी आजही मार्गदर्शक आहे. स्थानिक ऊन, माती आणि पाणी यांचा अभ्यास आधी व्हावा, यंत्राची निवड नंतर. वरणगावसारख्या गावात उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतींच्या बाबतीत हा विवेक आराखड्याच्या टप्प्यावरच दाखवला गेला पाहिजे. कारण एकदा ओतलेला स्लॅब पुढील अनेक दशके तेथे राहणाऱ्यांच्या डोक्यावर असतो. उपलब्ध इमारतींत मात्र महाविद्यालयांनी वर्षभर वर्गांतील तापमान, विजेचा वापर आणि विहिरींची पातळी यांच्या नोंदी ठेवल्या, तर खर्चाचा प्राधान्यक्रम ठरवण्यास विश्वसनीय आधार मिळेल. ही नोंदवही अल्प खर्चाची असली, तरी स्मार्ट इमारतीची खरी सुरुवात तिच्यापासूनच होते.