धुळीआडची आकाशगंगा

परभणी जिल्ह्यातल्या पेडगावसारख्या गावी वैशाखातल्या अमावास्येला मध्यरात्रीनंतर आपण अंगणात झोपलो, की आकाशगंगेचा पट्टा दिसतो. त्यात मध्ये मध्ये काळे भाग असतात. तिथे तारेच नसावेत, असे वाटते.

विल्यम हर्शेल यांनी 1785 साली ताऱ्यांची मोजदाद करून आकाशगंगेचा नकाशा काढला. त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी आला. प्रत्यक्षात सूर्य केंद्रापासून बराच दूर आहे. पण वाटेतल्या धुळीने पलीकडचे तारे झाकले होते. ताऱ्यांच्या मधली धूळ प्रकाश अडवते, हे रॉबर्ट ट्रम्पलर यांनी दाखवून दिले ते 1930 साली.

गंमत अशी, की या धुळीवरचा उपाय हर्शेल यांच्याच हाती लागला होता. 1800 साली त्यांनी वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला. तिथे काही दिसत नव्हते, तरी पारा चढला. हेच अवरक्त किरण. त्यांची तरंगलांबी जास्त असल्याने बारीक धूलिकण त्यांना कमी अडवतात. शिवाय ताऱ्यांचा प्रकाश शोषणारी धूळ उणे 240 अंश सेल्सिअसच्या आसपास असली, तरी स्वतः दूरचे अवरक्त किरण सोडते. जी धूळ अडसर होती, तीच आता वाटाड्या झाली.

पण हे किरण हवेतले बाष्प शोषून घेते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1 मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण बांधली. 1980 च्या दशकापासून ती हैदराबादहून फुग्याने सुमारे 30 किलोमीटर उंच पाठवली गेली. तिचे संवेदक द्रवरूप हेलियमने थंड ठेवावे लागत. नाहीतर उपकरणाच्या उष्णतेतच धुळीचे किरण हरवले असते. निरीक्षण संपले, की दुर्बीण हवाई छत्रीने खाली येई. आकाशगंगेतले तारे जन्मणारे धूलिमेघ तिने नोंदवले.

1983 साली सोडलेल्या ‘आयरास’ उपग्रहाने दुसऱ्या दीर्घिकाही अशाच पाहिल्या. साध्या डोळ्यांना पुसट ठिपका दिसणाऱ्या देवयानी दीर्घिकेत धुळीचे मोठे कडे आढळले. सर्पिल दीर्घिकांचे बाहू म्हणजे धूळ, वायू आणि नव्या ताऱ्यांची दाटी, हे अवरक्त चित्रांत ठळक उमटते.

हर्शेल यांचा प्रयोग शाळेत जमण्यासारखा आहे. एक लोलक, काळ्या रंगाने फुगे रंगवलेले तीन तापमापक आणि स्वच्छ ऊन एवढेच लागते. एक तापमापक तांबड्या रंगाच्या अगदी लगत, पण बाहेर ठेवावा. पारा चढला, की आपण मुलांना त्या काळ्या भागांबद्दल विचारू : तिथे खरेच काही नाही का?