खांबांमधले पाणी

अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराच्या तोंडावरचा पूल १५ एप्रिल १९६४ रोजी वाहतुकीला खुला झाला. व्हर्जिनिया बीचकडचा किनारा आणि डेल्मार्व्हा द्वीपकल्पाचे टोक यांना जोडणारी त्याची लांबी सुमारे २८ किलोमीटर. नॉरफोकच्या नौदल तळाकडे जाणारी वाट मोकळी राहावी म्हणून हा रस्ता दोन ठिकाणी पाण्याखालच्या बोगद्यांत उतरतो. १९९९ मध्ये शेजारी दुसरा समांतर पूल उभा राहिला. पुलाचा इतिहास सहसा वरूनच लिहिला जातो : फेरीबोट बंद झाली, प्रवासाचा वेळ वाचला, गाड्या वाढल्या. याच पुलाचा आणखी एक इतिहास पाण्याच्या पातळीवरून दिसतो. तो पाहायला सोयीची जागा म्हणजे खांबांपाशी मासे धरणाऱ्याची कयाक.

तळात ठोकलेल्या काँक्रीटच्या खांबांवर भरती-ओहोटीचा प्रवाह आदळून दुभंगतो आणि प्रत्येक खांबामागे संथ पाण्याचा एक पट्टा तयार होतो. खांबांना कालवे, शिंपले आणि बार्नकल चिकटतात. त्यांच्यामागून खेकडे येतात, खेकड्यांमागून मासे. वाळू-चिखलाच्या तळात अशी कठीण जागा विरळा, म्हणून माशांच्या लेखी प्रत्येक खांब हा एक खडकच. भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी घटकाभर थांबते, त्या वेळेकडे कयाकवाल्याचे लक्ष असते. एरवी प्रवाह होडीला खांबावर नेऊन आपटू शकतो. पाणी मंदावले की तो गळाला छोटा खेकडा लावून खांबाच्या अगदी कडेने सरळ खाली सोडतो. मासा लागला की त्याला खांबापासून लगेच दूर ओढावे लागते, नाहीतर कालवांच्या धारेवर दोरा तुटतो.

या खांबांपाशी मिळणाऱ्या दोन माशांची नावे वाचून माझ्यातला अनुवादक थांबला. पहिला शीप्सहेड, म्हणजे ‘मेंढीचे डोके’. कवचे फोडण्यासाठी त्याच्या तोंडात माणसासारखे सपाट दात असतात. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘प्रोबॅटोसेफॅलस’ हा शब्दही ग्रीकमधून तेच सांगतो. लोकांनी ठेवलेल्या नावाचे शास्त्रज्ञांनी केलेले हे भाषांतर.

दुसरा टॉटॉग. रॉजर विल्यम्स यांनी १६४३ मध्ये लंडनला छापलेल्या ‘अ की इंटू द लँग्वेज ऑफ अमेरिका’ या पुस्तकात नॅरागॅन्सेट लोकांचा ‘टॉटाउओग’ हा शब्द येतो. त्यापुढे त्यांनी अर्थ दिला आहे तो ‘शीप्सहेड्स’ असा. एका माशाच्या नावासमोर ओळखीच्या दुसऱ्याच माशाचे नाव! शिवाय मूळ शब्द अनेकवचनी. इंग्रजीने तो एकवचन समजून वापरात आणला. नवे काही दिसले की ते जुन्या नावाच्या खणात ठेवून द्यायचे, ही वसाहतकाळातल्या भाषांतराची नेहमीची रीत. इथे मात्र तो खण अपुरा पडला आणि देशी नावच टिकून राहिले.

होडीचे नावही उसनेच. इनुइट लोकांची ‘कायाक’ ही सीलच्या शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडाच्या आणि हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून, शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने ती बांधत. १९०७ पासून जर्मनीत रोझेनहाइमचे शिंपी योहान क्लेपर यांनी घडीच्या कयाक बनवून विकायला सुरुवात केली; कातड्याच्या जागी कापड आले. पुढे फायबरग्लास आले, प्लास्टिक आले, आणि पोट भरण्याचे साधन सहलीचे झाले. मासेमारीसाठी वापरली जाणारी कयाक त्यातल्या त्यात आपल्या जुन्या कामाच्या जवळ आहे : आवाज न करता जायचे आणि सावज असेल तिथे थांबायचे.

पाण्यात उभा खांब मासे गोळा करतो, हे ज्ञान पुलाहून कितीतरी जुने आहे. चेसापीकच्या थोडे दक्षिणेला, रोअनोकच्या किनाऱ्यावर १५८५ मध्ये आलेल्या जॉन व्हाइट या इंग्रज चित्रकाराने तिथल्या अल्गोंक्वियन लोकांची मासेमारी जलरंगात रंगवली. ओंडका कोरून केलेली होडी, हातात भाले, आणि मागे पाण्यात रोवलेल्या काठ्यांचे कुंपण; मासे त्याच्या कडेने जात सापळ्यात शिरत. या चित्रावरून केलेले कोरीवचित्र थिओडोर द ब्राय यांनी १५९० मध्ये फ्रँकफुर्टला एका पुस्तकात छापले, तेही एकदम चार भाषांत : लॅटिन, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन. ज्यांच्याबद्दल ते पुस्तक होते, त्यांची भाषा त्या चारांत नव्हती.

शब्द, होडी आणि युक्ती सहज स्वीकारली गेली. माणसांना मात्र ताटकळावे लागले. इंग्रज आले तेव्हा या उपसागराच्या तोंडाजवळच राहणाऱ्या नॅन्समंड जमातीला अमेरिकेच्या संघराज्याची अधिकृत मान्यता मिळाली ती जानेवारी २०१८ मध्ये. जेम्सटाउनची वसाहत १६०७ ची. मधली ४११ वर्षे हे लोक तिथेच होते.

खांबांमध्ये मोकळे पाणी किती ठेवायचे, हा प्रश्न मुंबईतही उभा राहिला. कोस्टल रोड वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडताना दोन खांबांत ६० मीटर अंतर ठरले होते. वाऱ्यात आणि प्रवाहात होड्या खांबांवर आदळतील, असे सांगत वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला. त्यांची मागणी याहून मोठी होती. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटर मान्य केले. चेसापीकच्या खांबांपाशी कयाकवाला हौसेने जातो, वरळीचा कोळी रोजच्या वाटेने. पण हे दुसरे अंतर गाडीत बसून सुचणारे नव्हते; ते होडीत बसलेल्यांनी मागून घेतलेले आहे.