मूषकाचा मुलाहिजा

इंग्लंडच्या पार्लमेंटाने 1876 साली प्राण्यांवरील क्रूरतेस आळा घालणारा जो कायदा मंजूर केला, त्यात प्रयोगकर्त्यास परवाना आणि तपासनिसाचा पहारा अशी सारी सरकारी तजवीज असली, तरी कुत्रा, मांजर, घोडा, गाढव आणि खेचर यांच्यासाठी घातलेल्या खास कलमांत उंदराचे नाव कोठेच नव्हते. आणि ज्याच्या नाशासाठीच माणसाने घरात मांजर बाळगले, त्याची रदबदली करणार तरी कोण? अमेरिकेने तर 2002 साली, संशोधनासाठी पैदास केलेल्या उंदरांना आपल्या प्राणिकल्याणाच्या कायद्यातून बाकायदा वगळले.

रसेल आणि बर्च यांचा, प्रयोगांना पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या घटवा आणि वेदना सौम्य करा असा त्रिविध उपदेश करणारा ग्रंथ 1959 सालीच प्रसिद्ध झाला होता. पण पुढे कित्येक वर्षे त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही.

ही उपेक्षा कशी सरली, यासाठी पक्षाघाताच्या संशोधनाचेच उदाहरण घेऊ. त्यात उंदराचे दुःख खऱ्या अर्थाने दप्तरी दाखल झाले ते करुणेपेक्षा अपयशामुळे, असे माझे मत आहे. मानेतील धमनीतून बारीक धागा वर सरकवून मेंदूचा रक्तपुरवठा रोखण्याची युक्ती कोइझुमी यांनी 1986 साली जपानात मांडली, 1989 साली लाँगा यांनी तिच्यात फेरफार केले, आणि कवटी न फोडता पक्षाघात घडविता येऊ लागल्याने ती जगभर रूढ झाली. परंतु त्या शस्त्रक्रियेत मानेतील बाह्य धमनी बांधली गेली, की चर्वणाच्या स्नायूंचे रक्त तुटे. उंदीर खाईनासा होई व झपाट्याने वाळे, आणि हा क्षय मेंदूच्या इजेचाच परिणाम म्हणून खुशाल वहीत टिपला जाण्याचा धोका असे.

तापमानाची कथा याहून बोलकी आहे. एमके-801 या औषधाने जर्बिल नामक कृंतकाचा मेंदू वाचतो, अशी ग्वाही दिली जात असता, 1990 साली बुकन आणि पुल्सिनेली यांनी दाखवून दिले, की औषधाने प्राण्याचे अंग थंड पडत होते आणि रक्षण मुख्यतः त्या थंडीनेच होत होते. अंगाची ऊब राखताच औषधाचा गुण ओसरला. म्हणजे ऊब ही शुश्रूषेची बाब तशीच पुराव्याचीही. 2006 सालच्या एका मोजदादीत पक्षाघातावरील 1,026 प्रायोगिक उपचार भरले, आणि प्राण्यांत गुणकारी ठरलेली औषधे माणसांत एकामागून एक निष्फळ ठरली, तेव्हा प्रयोगाच्या साक्षीदाराची प्रकृती तपासणे भागच पडले.

ब्रिटनच्या 1986 च्या कायद्याने प्रयोगस्थळी नामनिर्दिष्ट पशुवैद्य नेमणे सक्तीचे केले होते. 2017 साली तेथील तज्ज्ञांनी खास पक्षाघाताच्या प्रयोगांसाठी नियम संकलित केले, त्यांत मऊ कालवलेला आहार, नियमित वजन, त्वचेखाली दिलेले द्रव आणि वेदनाशामके यांचा समावेश होता. यांपैकी वेदनाशामकांबद्दल मात्र संशोधकांची धास्ती अद्याप पुरती गेलेली नाही, कारण त्यांतील काही औषधे मेंदूच्या इजेवरच परिणाम करून मोजमाप बिघडवतात. आणि न शमवलेली वेदनाही ते बिघडवते, हे आता तेही अमान्य करीत नाहीत.