तबकडीतले नाटक, मोबाइलमधले पद

नाट्यपद रंगमंचाबाहेर पडले ते तबकडीवरून. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले आणि संगीत नाटकाचे पेव फुटले, तरी पद ऐकायचे तर नाटकालाच जावे लागे. कंपनीचा पसारा मोठा: पडदे, पोशाख, साजिंदे, सगळे बिऱ्हाड. सप्तशृंगी गडाजवळचे वणी नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर, आगगाडीच्या वाटेवर नसलेले. असल्या गावच्या शौकिनाला ‘सौभद्र’साठी नाशिकसारखे शहर गाठणे भाग होते.

१९०२ मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले आणि पुढे मराठी नाटकमंडळींचे गळेही कर्ण्यासमोर आले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. ‘स्वयंवर’ (१९१६) मधल्या भास्करबुवा बखल्यांच्या चाली बालगंधर्व रंगमंचावर वन्समोअर घेत मनमुराद फुलवीत. तबकडीवर मात्र तेच पद घाईने मुक्कामाला पोचवावे लागे. आज ‘मूळ’ म्हणून जपले जाते ते खरे तर त्या पदाचे टिपण आहे, प्रयोग नव्हे. घरी ऐकणेही कष्टाचे होते. किल्ली फिरवायची, पोलादी सुई बदलायची, तबकडी उलटायची. आरंभीच्या काही तबकड्यांच्या शेवटी गायक स्वतःचे नाव पुकारतो. तबकड्या परदेशी कारखान्यात छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना आवाज कोणाचा हे कळावे, हा त्यामागचा हेतू.

लाँग प्ले आल्यावर एका बाजूला वीसेक मिनिटे मिळाली. गंमत अशी, की नेमके तेव्हाच पद आखूड होऊ लागले होते. नाशिकच्या वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ १९६४ मध्ये दि गोवा हिंदु असोसिएशनने रंगमंचावर आणले. जितेंद्र अभिषेकींनी त्याच्या चाली आटोपशीर बांधल्या आणि पद कथानकाला अडवेनासे झाले. रामदास कामत व आशालता यांचे आवाज त्या पदांबरोबर घरोघरी गेले. कानेटकर-अभिषेकी जोडीचेच ‘लेकुरे उदंड जाली’ (१९६६) त्याहून वेगळे. त्यात पात्रे बोलता बोलता गातात, गाता गाता बोलतात. पाश्चात्त्य ‘म्युझिकल’च्या सर्वांत जवळ जाणारे मराठी नाटक कोणते, तर हेच.

रेडिओ आणि कॅसेट यांनी पदे खेड्यापाड्यांत नेली. पुढे एचएमव्हीची ग्रामोफोन कंपनी ‘सारेगामा’ झाली, जुना साठा संगणकावर चढला. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आले. गाना, सावन या सेवा आधीपासून होत्या. महिन्याची वर्गणी भरली की वणीच्या बाजारपेठेत उभ्या माणसाला बालगंधर्व आणि वसंतराव देशपांडे एकाच खिशात सापडतात.

सापडतात, पण अनेकदा नाटकावाचून. अनेक तबकड्यांच्या लेबलवर नाटकाचे नाव असे. या सेवांवर पद बहुधा एखाद्या ‘निवडक नाट्यगीते’ संग्रहात पडलेले असते. गायकाचे नाव दिसते. नाटक कोणते, चाल कोणाची, प्रसंग कोणता, याचा पत्ता नसतो. ‘कट्यार काळजात घुसली’ शोधावे, तर १९६७ च्या नाटकाच्या आधी २०१५ चा चित्रपट पुढ्यात येतो. त्यात रोमन लिपीतली नावे चार तऱ्हांनी लिहिलेली. म्हणून शोधताना नाटकाचे नाव आणि गायकाचे नाव जोडून द्यावे, आणि स्पेलिंग बदलून पुन्हा पाहावे.

एकच मुद्रण तीन-चार कंपन्यांच्या नावावर दिसते, त्याचे एक कारण कायद्यात आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतो. बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर यांनी त्या काळी काढलेल्या तबकड्यांवरील हा हक्क केव्हाच संपला आहे.