मल्लेश्वरीचं कांस्य, आणि त्याआधीचं सोनं

'ऑलिम्पिक पदक जिंकणारी पहिली भारतीय महिला कोण?' स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात हा प्रश्न हमखास असतो. उत्तर : कर्णम मल्लेश्वरी, सिडनी २०००, कांस्य. एक मार्क मिळाला, पान उलटलं. पण या एका ओळीत तिची निम्मी कारकीर्द गळून पडते, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

मल्लेश्वरी आंध्रच्या श्रीकाकुळम जिल्ह्यातली, जन्म १९७५ चा. १९९३ ला मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत तिने ५४ किलो गटात कांस्य घेतलं. १९९४ ला इस्तंबूलमध्ये सुवर्ण. १९९५ ला चीनमध्ये, ग्वांगझूला, पुन्हा सुवर्ण! म्हणजे जेमतेम विशीची पोरगी आणि दोनदा जगज्जेती. खेलरत्न पुरस्कारही तिला सिडनीच्या बराच आधी मिळाला होता.

मग १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये काय झालं? काहीच नाही. ती तिथे नव्हतीच. पुरुषांचं वेटलिफ्टिंग १८९६ च्या पहिल्या ऑलिम्पिकपासून होतं, पण बायकांना तिथे जागाच नव्हती. महिलांची जागतिक स्पर्धा १९८७ ला सुरू झाली. आपल्या मणिपूरच्या कुंजराणी देवीने १९८९ पासून तिथे रौप्यपदकं आणली. ऑलिम्पिकचं दार मात्र उघडलं २००० साली.

तोवर मल्लेश्वरी पंचवीस वर्षांची झाली होती आणि ५४ किलोवरून थेट ६९ किलो गटात आली होती. तिच्या निवडीवर टीकाही झाली. १९ सप्टेंबरला तिने स्नॅचमध्ये ११० आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३० किलो उचललं. एकूण २४०. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही २४२.५ वर गेली. फरक फक्त अडीच किलोचा!

शेवटच्या उचलीला तिने १३७.५ किलो मागितलं. ते जमलं असतं तर सोनं होतं. जमलं नाही. थोडं कमी मागायला हवं होतं का, यावर आजही वाद घालणारे आहेत. माझं मत विचाराल तर, दोनदा जगज्जेती झालेली बाई सोन्यासाठीच जाणार. त्यात चुकलं काय?

सिडनीत भारताला मिळालेलं हे एकमेव पदक. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक पदक म्हणाल तर आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं, लिएंडर पेसचं १९९६ चं, आणि तिसरं हे.

२००४ ला अथेन्समध्ये पाठीच्या दुखण्यामुळे तिला स्पर्धा पूर्ण करता आली नाही आणि ती निवृत्त झाली. वेटलिफ्टिंगचं पुढचं ऑलिम्पिक पदक यायला २०२१ उजाडलं : मीराबाई चानू, टोकियो, रौप्य. २०२२ ला आपल्या वडगाव मावळची हर्षदा गरुड ४५ किलो गटात ज्युनिअर जगज्जेती झाली. हे यश मिळवणारी ती पहिली भारतीय.

आज हर्षदासारख्या मुलींपुढे ऑलिम्पिकचं स्वप्न तरी आहे. मल्लेश्वरीच्या ऐन भरात तिच्यापुढे तेही नव्हतं. तेव्हा पुढच्या वेळी तो एका मार्काचा प्रश्न दिसला, की पोरांना कांस्याबरोबर इस्तंबूल आणि ग्वांगझूचं सोनंही सांगा.