खटला रेडिओवर, निकाल आधीच: प्रागमध्ये शिकलेला न्याय

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. लॉ केलंस, मग शिकायला लंडन-अमेरिका सोडून प्रागला कशाला गेलीस? तिथला कायदा आपल्याकडे लागू नाही, तिथली भाषा आपल्याला येत नाही. आईचाही हाच प्रश्न होता, फक्त आवाज जरा वरचा होता.

माझं उत्तर साधं आहे. चालू असलेलं कोर्ट कुठेही बघता येतं. पण कोर्ट मोडतं कसं, आणि मोडल्यावर लोक ते परत उभं कसं करतात, हे शिकायचं तर जिथे हे घडलं तिथेच जावं लागतं. या विषयाला 'ट्रान्झिशनल जस्टिस' असं भारदस्त नाव आहे. म्हणजे एक राजवट गेली, दुसरी आली, तर मधल्या काळात झालेल्या अन्यायाचं काय करायचं? एका सेमिस्टरसाठी गेले आणि त्यातला अर्धा वेळ मी एकाच खटल्यात अडकून पडले. आजचा भाग त्या खटल्यावर.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाची लॉ फॅकल्टी व्ल्टावा नदीच्या अगदी काठावर आहे. बाहेर आलात की समोर पूल, पुलापलीकडे लेतना नावाची टेकडी, आणि टेकडीवर एक भलामोठा मेट्रोनोम टिकटिकत असतो. मेट्रोनोम म्हणजे गाण्याच्या क्लासमध्ये लय धरायला ठेवतात ते यंत्र. तो तिथे १९९१ मध्ये बसवला. त्याआधी त्याच जागी स्टालिनचा दगडी पुतळा होता, पंधरा मीटरहून उंच. १९५५ मध्ये उभारला आणि १९६२ मध्ये सुरुंग लावून उडवला. म्हणजे सात वर्षं इथले विद्यार्थी कायद्याची पुस्तकं काखेत मारून बाहेर पडायचे ते थेट स्टालिनच्या नजरेखाली.

याच फॅकल्टीतून १९२६ मध्ये एक मुलगी कायद्याची डॉक्टरेट घेऊन बाहेर पडली. मिलादा होराकोव्हा. प्राग महापालिकेच्या समाजकल्याण खात्यात नोकरी, बायकांच्या हक्कांसाठी काम. मग नाझी आले. ती भूमिगत चळवळीत गेली, १९४० मध्ये गेस्टापोने पकडली. ड्रेस्डेनच्या कोर्टात तिच्यासाठी फाशी मागितली होती, मिळाली आठ वर्षं. १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा ती तुरुंगातून सुटली आणि संसदेत खासदार झाली. तिच्या पक्षाच्या नावात 'नॅशनल सोशलिस्ट' असे शब्द होते, पण त्याचा हिटलरच्या पक्षाशी काडीचाही संबंध नव्हता. नाव ऐकून गोंधळू नका.

२५ फेब्रुवारी १९४८ रोजी चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली. होराकोव्हाने खासदारकीचा राजीनामा दिला. सप्टेंबर १९४९ मध्ये तिला अटक झाली. नवरा त्याच दिवशी निसटला, पुढे सीमा ओलांडून गेला. घरी राहिली सोळा वर्षांची मुलगी, याना.

आता नीट ऐका, कारण इथे मला खरा धक्का बसला. मला वाटायचं हुकूमशाही म्हणजे कायदा गुंडाळून ठेवायचा आणि रात्री गोळ्या घालायच्या. प्रागमध्ये उलटं झालं. सगळं कायद्याने झालं. १९४८ मध्येच नवा कायदा केला, 'लोकशाही प्रजासत्ताकाच्या रक्षणाचा', क्रमांक २३१. लागून लगेच २३२ क्रमांकाच्या कायद्याने खास राजकीय खटल्यांसाठी 'राज्य न्यायालय' काढलं. आरोपपत्र होतं, न्यायाधीश होते, आरोपींना वकीलसुद्धा होते. कागदोपत्री बघाल तर बोट ठेवायला जागा नाही.

फक्त आरोपींची उत्तरं आधी लिहून पाठ करून घेतली होती. मॉस्कोहून सोव्हिएत सल्लागार आले होते आणि त्यांनी ही पद्धत शिकवली. महिनोन्महिने चौकशी, झोप मोडणं, मग प्रश्न आणि उत्तर दोन्ही टाइप केलेली. कोर्टात फक्त तालीम केलेलं नाटक सादर करायचं. आपल्याकडे टिळकांवर १९०८ मध्ये मुंबईत राजद्रोहाचा खटला झाला, शिक्षाही झाली, पण टिळक तिथे उभं राहून दिवसचे दिवस स्वतःची बाजू मांडत राहिले आणि ते सगळं जगाने वाचलं. परक्या सरकारने चालवलेला खटला होता, तरी आरोपीचे शब्द आरोपीचेच होते. प्रागमध्ये तेवढंही ठेवलं नव्हतं.

खटला ३१ मे १९५० ला पांक्रात्स भागात सुरू झाला. तेरा आरोपी. त्यातले अनेक जण एकमेकांना ओळखतही नव्हते. एक झाविश कालांद्रा, इतिहासकार आणि पत्रकार, जो स्वतः एकेकाळी कम्युनिस्ट होता. एक वकील ओल्द्रिख पेत्स्ल. एक पोलिस अधिकारी यान बुखाल. या सगळ्यांना एका 'कटा'त बसवलं आणि होराकोव्हाला कटाची म्होरकी केलं.

आणि हे सगळं रेडिओवर. हो, रेडिओवर. पॉडकास्टवाल्या मुलीला हे ऐकून पोटात कसंतरी होतं. निवडून, कापून, जोडून लोकांना ऐकवलेलं 'ऑडिओ कंटेंट' होतं ते. कारखान्यांत, कचेऱ्यांत, शाळांत सभा भरल्या आणि आरोपींना कडक शिक्षा द्या, फाशी द्या, असे ठराव कोर्टाकडे गेले. सहा हजारांहून जास्त ठराव. काही खाली सह्यांच्या लांबलचक रांगा. सगळेच सही करणारे राक्षस होते का? आमच्या प्राध्यापक बाईंनी हा प्रश्न वर्गात टाकला आणि बराच वेळ कोणी बोललंच नाही. चेक मुलांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, प्रत्येक जण मनात आजी-आजोबांचं वय मोजतोय.

होराकोव्हा मात्र पाठ केलेल्या वाटेवरून घसरली. मुद्दाम घसरली. सरकारी वकिलांशी वाद घातला, आपल्या मतांवर ठाम राहिली. त्या रेकॉर्डिंगमधला तिचा आवाज आज इंटरनेटवर ऐकता येतो. मला शब्द कळत नव्हते, सबटायटल लावून ऐकलं. पण आवाज थरथरत नव्हता, ते कळायला भाषा लागत नाही.

८ जून १९५० ला निकाल लागला. चौघांना फाशी: होराकोव्हा, बुखाल, पेत्स्ल, कालांद्रा. आइनस्टाइन, चर्चिल, एलिनॉर रूझवेल्ट यांनी दयेची विनंती केली. राष्ट्राध्यक्ष क्लेमेंट गोटवाल्ड यांनी ती ऐकली नाही. २७ जूनच्या पहाटे पांक्रात्स तुरुंगात फाशी झाली. चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट काळात राजकीय कारणांसाठी २४८ लोकांना फाशी दिल्याचं मानलं जातं. होराकोव्हाच्या खटल्याला जोडून देशभर आणखी खटले चालले, त्यांत सहाशेहून जास्त लोकांना शिक्षा झाल्या.

आता त्या वकिलांकडे येऊ. कारण माझ्या कोर्सचा गाभा आरोपींपेक्षा त्यांच्यात होता.

मुख्य सरकारी वकील योसेफ उर्वालेक. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, याच माणसाने कम्युनिस्ट पक्षाचाच माजी सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्की याच्यासाठी फाशी मागितली. तेव्हा चौदा आरोपींतले अकरा फासावर गेले. पुढे उर्वालेक सर्वोच्च न्यायालयाचा अध्यक्ष झाला. १९७९ मध्ये वारला. एक दिवसही तुरुंगात गेला नाही.

त्याच्या चमूत एक तरुण बाई होती, लुडमिला ब्रोझोव्हा. वय अठ्ठावीस. तिने कायद्याची पदवी घेतली नव्हती. राजवटीला जुन्या वकिलांवर भरवसा नव्हता, म्हणून कामगारांसाठी झटपट कायदा शिकवणारी शाळा काढली होती. साधारण वर्षभराचा क्रॅश कोर्स, आणि मग थेट सरकारी वकील. एका बाजूला सोळा वर्षांच्या मुलीची आई, कायद्याची डॉक्टर, गेस्टापोच्या तुरुंगातून आलेली. दुसऱ्या बाजूला शॉर्टकट मारून आलेली आणि वर चढायची घाई झालेली ब्रोझोव्हा. तिने त्या कोर्टात होराकोव्हासाठी फाशी मागितली.

१९८९ मध्ये राजवट कोसळली. २९ डिसेंबरला वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. १९९० मध्ये जुने राजकीय निकाल रद्द करणारा पुनर्वसनाचा कायदा आला. होराकोव्हाचा निकाल खरं तर १९६८ च्या मोकळ्या वाऱ्यातच रद्द झाला होता, पण लगेच सोव्हिएत रणगाडे आले आणि विषय दाबला गेला. १९९१ मध्ये 'लुस्त्रात्से' नावाचा कायदा झाला. गुप्त पोलिसांचे हस्तक आणि पक्षाचे वरिष्ठ पदाधिकारी यांना न्यायाधीशपद, सरकारी वकिली, वरच्या सरकारी जागा बंद. पण नुसतं पक्षाचं सदस्यत्व असलेले बरेच न्यायाधीश खुर्चीत राहिले. दुसरे आणायचे कुठून? रातोरात न्यायाधीश बनवण्याचा प्रयोग या देशाने एकदा करून पाहिलाच होता.

मग शिक्षेचा प्रश्न. चाळीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यांची मुदत केव्हाच संपलेली. यावर चेक संसदेने १९९३ मध्ये एक वाट काढली. राजकीय कारणाने ज्या गुन्ह्यांवर खटलाच भरला गेला नाही, त्यांच्यासाठी २५ फेब्रुवारी १९४८ ते २९ डिसेंबर १९८९ हा काळ मुदतीत धरायचाच नाही. म्हणजे एकेचाळीस वर्षं घड्याळ बंद होतं असं समजायचं. ४१ खासदार याविरुद्ध ब्रनो शहरातल्या घटनात्मक न्यायालयात गेले. न्यायालयाने कायदा कायम ठेवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गुन्हेगाराला पकडायचंच नाही असं ज्या सरकारने ठरवलं होतं, त्याच्या काळात मुदत चालू होती हे म्हणणं ढोंग आहे.

शेजारच्या हंगेरीत नेमकं उलटं झालं. तिथल्या संसदेने असाच कायदा केला आणि १९९२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो उडवला. संपलेली मुदत मागे जाऊन जिवंत करणं म्हणजे कायद्याचं राज्य पहिल्याच पायरीवर मोडणं, असं त्यांचं मत. आमच्या वर्गात एक हंगेरियन मुलगा होता. त्याचं आणि चेक मुलांचं यावरून असं जुंपलं की कॉफीच्या सुट्टीत मला मध्यस्थ केलं. म्हणे तू लांबची आहेस, तूच सांग. मी दोघांनाही बिस्किटं दिली. तेव्हा माझं मत पक्कं नव्हतं.

ते पक्कं झालं ब्रोझोव्हाची फाइल वाचून. लग्नानंतरचं आडनाव जोडून ती आता ब्रोझोव्हा-पोलेद्नोव्हा झाली होती, आणि खटल्यातल्या वकील-न्यायाधीशांपैकी जिवंत उरलेली ती एकटीच. नोव्हेंबर २००७ मध्ये प्रागच्या कोर्टाने तिला आठ वर्षांची शिक्षा सुनावली. वरच्या कोर्टाने ती मुदतीच्या मुद्द्यावर उडवली. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं. शेवटी सप्टेंबर २००८ मध्ये सहा वर्षं कायम झाली. गुन्हा कोणता? खुनात सहभाग.

आणि कोणत्या कायद्याखाली? १८५२ च्या ऑस्ट्रियन फौजदारी कायद्याखाली! हा बादशहाच्या काळातला कायदा १९५० च्या त्या जूनमध्ये अजून लागू होता. कम्युनिस्टांचा नवा फौजदारी कायदा १ ऑगस्टपासून आला. (हसू नका, आपणही १८६० चा इंग्रजांचा कायदा २०२४ पर्यंत चालवला.) म्हणजे 'आजचे नियम कालच्या माणसाला लावले' हा आक्षेप इथे लागत नाही. ती ज्या दिवशी कोर्टात उभी राहिली, त्या दिवशीही निरपराध माणसाला ठरवून मारणं हा खूनच होता. तिचा बचाव होता की मी वरच्यांचे आदेश पाळले. ती स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही गेली. २०११ मध्ये तिथेही दाद मिळाली नाही. निकाल आधीच ठरलेला आहे, इथे न्यायाची किमान तत्त्वंही पाळली जात नाहीत, हे तिला माहीत होतं, असं त्यांनी म्हटलं.

मार्च २००९ मध्ये ती सत्त्याऐंशीव्या वर्षी तुरुंगात गेली. डिसेंबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव क्लाउस यांनी तिला माफी दिली. पावणेदोन वर्षं. २०१५ मध्ये ती वारली. आयुष्याच्या अखेरपर्यंत तिने स्वतःला दोषी मानलं नाही.

बरेच चेक लोक म्हणतात, म्हातारीला आत टाकून काय मिळवलं, मोठे मासे तर सुटले. मला हे पटत नाही. उर्वालेक सुटला ही लाजिरवाणी गोष्ट आहे, पण म्हणून ब्रोझोव्हा निर्दोष ठरत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की या वेळी तिला खरा वकील मिळाला. तिच्या बाजूने एकदा निकालही लागला. अपील झालं, परदेशी कोर्टापर्यंत दार उघडं राहिलं, शेवटी दयाही मिळाली. तिने १९५० मध्ये जे जे दुसऱ्या बाईकडून काढून घेण्यात हातभार लावला होता, ते सगळं तिला मिळालं. क्लाउस यांच्या माफीवरही माझा राग नाही. गोटवाल्ड यांनी सही केली नसती तर, हा विचार मात्र डोक्यातून जात नाही.

होराकोव्हाने शेवटच्या दिवसांत घरच्यांना पत्रं लिहिली, त्यातलं एक मोठं पत्र यानासाठी. फाशीच्या आदल्या संध्याकाळी मुलीची भेट झाली, पण जवळ घेऊ दिलं नाही. पत्रं कोणालाच दिली नाहीत. ती सरकारी फाइलमध्ये लावून ठेवली. याना १९६८ मध्ये कशीबशी अमेरिकेत वडिलांकडे पोचली. आईची पत्रं तिच्या हातात १९९० मध्ये पडली. तेव्हा तिचं वय आईच्या फाशीच्या वेळच्या वयापेक्षा जास्त झालं होतं.

तर हा आजचा भाग. २७ जून हा चेक प्रजासत्ताकात आता कम्युनिस्ट राजवटीच्या बळींचा स्मृतिदिन असतो. खटल्याचं रेकॉर्डिंग ऐकायचं असेल तर होराकोव्हाचं नाव टाकून शोधा, हेडफोन लावा. प्रश्न असतील तर पाठवा. आणि स्लान्स्कीच्या खटल्यावर वेगळा भाग करायचा का, तेही कळवा.