विमानाची गवसणी

'गगनाला गवसणी घालणें' हा वाक्प्रचार आपण मराठी माणसें सहज वापरतों; पण ज्या यंत्रानें गगनाला खरोखरच गवसणी घातली त्या यंत्राला स्वतःलाही एक गवसणी लागते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. विमानविद्येचा इतिहास लिहिणारे इंजिनाविषयीं लिहितात, पंखांच्या आकाराविषयीं लिहितात, वैमानिकांच्या धाडसाविषयीं तर पानेंच्या पानें भरतात. सांगाड्यावर ताणून बसविलेल्या त्या पातळ कापडावर किंवा कागदावर अर्धें पान खर्चावयास मात्र कोणी तयार नसतो. श्रोतेहो, आज त्या उपेक्षित गवसणीचीच हकीगत सांगण्याचें मीं योजिलें आहे. ती सांगतांना मोठ्या विमानांपेक्षां मुलांच्या हातांतील लहान विमानांकडे माझा ओढा अधिक राहील. कारण ही कला उपजली ती खेळण्यांत, आणि मोठ्या विमानांनीं तिला घराबाहेर काढल्यावर ती पुन्हां खेळण्यांतच येऊन राहिली.

नागपूरकरांना या विद्येचा पहिला धडा कोणी शिकवावयास नको. संक्रान्तीच्या दिवशीं महालांतल्या आणि इतवारींतल्या गच्च्यांवरून 'ओऽऽ काट'चा गजर उठतो, तेव्हां आभाळांत जे शेंकडों पतंग डोलत असतात, त्यांतील प्रत्येक पतंग म्हणजे एक सांगाडा आणि एक गवसणी. बांबूची एक काडी उभी, दुसरी कमानीसारखी वांकविलेली, आणि त्यांवर खळीनें चिकटविलेला ताव. ताव सैल राहिला तर पतंग फडफडतो, गिरक्या खातो. ओला झाला तर फाटतो. एका अंगाला ठिगळ जड झालें तर त्या अंगाला कलतो. यांतील आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. पतंगावरचा चांद किंवा पट्टा रंगानें काढलेला नसतो. निराळ्या रंगाच्या कागदाचा तुकडा कापून तो जोडलेला असतो, कारण ओला रंग पातळ कागदाला सुरकुत्या पाडतो आणि वाळल्यावर वजन वाढवितो. शोभा हवी, पण ती वजनाच्या हिशेबांत बसली पाहिजे, हें तत्त्व पतंगवाल्यानें कोणत्याही शास्त्राच्या आधारावांचून ओळखलें होतें. चंद्रपूरच्या रानांतला बांबू पतंगाची हाडें पुरवितो आणि बल्लारपूरच्या गिरणींत त्याच बांबूचा कागदही होतो. म्हणजे अस्थि आणि त्वचा एकाच झाडाच्या पोटीं जन्मतात, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दोर तोडून स्वतःच्या बळावर उडणारें पहिलें भरंवशाचें खेळणें १८७१ सालीं पॅरिसमध्यें उडालें. आल्फोन्स पेनो नांवाच्या तरुणानें तुइलरीच्या बागेंत विद्वानांच्या मेळ्यासमोर पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर आपलें लहानसें विमान ११ सेकंद उडवून दाखविलें. पेनोच्याच धर्तीचें, बांबू, बूच आणि कागद यांचें एक भिंगरीसारखें खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंतल्या एका पाद्र्यानें आपल्या दोन मुलांसाठीं घरीं आणलें. तीं मुलें म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. (आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा सांगतात, तिला समकालीन पुराव्याचा आधार नाहीं, म्हणून ती येथें बाजूस ठेवतों.) १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें विमान प्रथम उडालें, तेव्हां त्याच्या पंखांवर होती ती बाजारांत मिळणारी साधी मलमल. तिच्यावर कसलेंही रोगण नव्हतें. ती त्यांनीं घरच्या शिवणयंत्रावर शिवली होती. मात्र धागे सरळ न ठेवतां तिरकस येतील अशी ती बेतली होती, जेणेंकरून पंख मुरगळूं लागला तर कापडानेंच त्याला तोलून धरावें. कापड हें नुसतें पांघरूण नसून तें सांगाड्याचा एक अवयव आहे, ही जाणीव येथें प्रथम स्पष्ट दिसते.

परंतु साध्या कापडांत दोन मोठे दोष आहेत. तें हवा गळू देतें, आणि दमट हवेंत सैल पडतें. तबल्याची पुडी पावसाळ्यांत उतरते हें आपण जाणतों. उतरलेल्या पुडीचा नाद बिघडतो, उतरलेल्या पंखाचा आकार बिघडतो, आणि आकार बिघडला कीं त्याची उचलण्याची शक्ति जाते. खळ, व्हार्निश, रबर असे नाना प्रयोग होऊन शेवटीं उपाय सांपडला तो 'डोप' नांवाच्या रोगणाचा. कापसांतील सेल्युलोजावर आम्लांची क्रिया करून तें एका द्रावकांत विरघळवितात. हें रोगण कापडावर फांसलें कीं वाळतांना तें आक्रसतें आणि कापड नगाऱ्यासारखें ताणून धरतें. कापसाच्या या पेठेंत, जेथें जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ सालीं सुरू झाली, तेथें बसून हें सांगतांना मौज वाटते: सुती पंखांना कवच चढलें तेंही कापसाचेंच.

या कवचाची किंमत मात्र हलकी नव्हती. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि विमानांची मागणी एकाएकी शतपटीनें वाढली. कारखान्यांतून तागाच्या, म्हणजे लिननच्या, कापडावर डोप फांसण्याचें काम बहुतेक स्त्रियांकडे आलें. या रोगणासाठीं त्या वेळीं टेट्राक्लोरोइथेन नांवाचें द्रावक सर्रास वापरीत. त्याचा वास क्लोरोफॉर्मासारखा गोडसर. दारें-खिडक्या बंद असलेल्या, ऊब दिलेल्या खोल्यांत दिवसचे दिवस ही वाफ हुंगून कामगारांना मळमळ सुटे, गुंगी येई, मग डोळे पिवळे पडत. यकृत झडून कित्येक जणी दगावल्या. ही कावीळ नेहमींची नव्हे, विषाची आहे, हें वैद्यांनीं सिद्ध केलें; तरीही तें द्रावक विमानांच्या कामांतून हद्दपार होण्यास युद्धाचीं जवळजवळ दोन वर्षें जावीं लागलीं. आघाडीवर पडलेल्या वैमानिकांचीं नांवें शिलालेखांवर कोरलीं गेलीं. त्यांचे पंख ताणून देणाऱ्या या बायांची आठवण कारखाना-तपासनिसांच्या अहवालांपलीकडे फारशी कोठें दिसत नाहीं, आणि माझ्या मतें विमानविद्येच्या इतिहासांतील ही सर्वांत लाजिरवाणी उणीव आहे.

त्याच युद्धानें पंखांवरच्या रंगालाही जीवनमरणाचा अर्थ दिला. आरंभीं ब्रिटिश विमानांवर त्यांचा ध्वज रंगवीत. पण दुरून त्यांतला क्रूस तेवढा डोळ्यांत भरे आणि तो जर्मनांच्या क्रूसासारखा दिसे. आपल्याच शिपायांच्या गोळ्या आपल्याच विमानांवर येऊं लागल्या, तेव्हां १९१४ च्या अखेरीस ब्रिटिशांनीं फ्रेंचांचीं वर्तुळें उचललीं, रंगांचा क्रम तेवढा उलटा केला. हिंदुस्थानी हवाई दलाची पहिली तुकडी १९३३ सालीं कराचीस उभी राहिली. तिचीं वापिती विमानेंही कापडाच्याच पंखांचीं होतीं, आणि त्यांच्यावरही हींच वर्तुळें होतीं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर याच वर्तुळांतला लाल ठिपका पुसून टाकावा लागला, कारण जपानी विमानांवर लाल सूर्यबिंब असे. स्वातंत्र्यानंतर, १९५० पासून, आपल्या विमानांवर केशरी, पांढऱ्या व हिरव्या रंगांचीं वर्तुळें आलीं. रंगाचें दुसरें काम होतें उन्हापासून बचावाचें. सूर्यप्रकाशानें तागाचें कापड जिरतें, म्हणून पहिल्या युद्धांत ब्रिटिशांनीं डोपावर मातकट रंगाचा लेप चढविला. पुढें ॲल्युमिनियमची पूड मिसळलेला रुपेरी लेप आला. दोन युद्धांमधल्या काळांतील छायाचित्रांत विमानें चांदीसारखीं चमकतात, ती चमक मिरविण्यासाठीं नव्हती.

मग धातूचा पत्रा आला आणि मोठ्या विमानांनीं कापड हळूहळू टाकलें. हळूहळू हा शब्द मी हेतुपूर्वक वापरतों. १९४९ सालीं रात्रीच्या टपालाची योजना सुरू झाली, त्या वेळीं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं आपल्या सोनेगांवच्या तळावर एकत्र जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्यापूर्वीं आपापल्या गांवीं परतत. या कामावरचीं डकोटा विमानें सर्वांगानें धातूचीं. पण त्यांचें सुकाणूं आणि पंखांच्या व शेपटीच्या हलणाऱ्या झडपा अजून कापडाच्याच होत्या. झडप जितकी हलकी तितकी ती वैमानिकाच्या हाताला वळणार. देशाचें अर्धें टपाल, असें म्हटलें तरी चालेल, कापडाच्या सुकाण्यावर नागपुरास येत होतें.

गवसणी घालण्याची कला यानंतर ज्यांच्या हातीं टिकली ते म्हणजे प्रतिकृति-विमानें करणारे हौशी लोक. आपल्याकडे या छंदाला मोठा आधार मिळाला तो राष्ट्रीय छात्रसेनेचा. तिचा हवाई विभाग १९५० सालीं निघाला, आणि एरोमॉडेलिंग हा त्याच्या शिक्षणाचा एक भाग झाला. वायुदलाच्या अनुरक्षण विभागाचें मुख्य ठाणें असलेल्या नागपुरांतही छात्रसैनिक हें काम शिकतात. या विमानांचा सांगाडा दक्षिण अमेरिकेंतील बाल्सा लांकडाचा. आपला बल्लारशाहाचा साग वजनाला त्याच्या सुमारें चौपट भरेल. त्यावर पूर्वीं जपानी पातळ कागद किंवा रेशीम चढवीत. कागद खळीनें किंवा डोपानेंच कडांना चिकटवावयाचा, पाण्याचा फवारा मारून तो वाळूं द्यावयाचा म्हणजे सुरकुत्या जातात, आणि मग डोपाचे दोन-तीन हात द्यावयाचे. हें काम सावकाशीचें. घाई केली तर पंखाला पीळ बसतो, आणि घरभर वास सुटतो तो वेगळाच.

या सावकाशीला शह दिला एका रासायनिक शोधानें. १९४१ सालीं इंग्लंडांत व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनीं पॉलिएस्टरचा धागा काढला. पुढील दशकांत त्याच द्रव्याचे ताणून बळकट केलेले पारदर्शक पापुद्रे 'मायलर' या नांवानें प्रसिद्धीस आले. या पापुद्र्याचा गुण असा कीं उष्णता लागली म्हणजे तो आपल्या ताणापूर्वींच्या आकाराकडे आक्रसूं पाहतो. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत 'मोनोकोट' आणि इंग्लंडांत 'सोलरफिल्म' या नांवांनीं एका अंगास रंग व उष्णतेनें वितळणारा डिंक लावलेले असे पट विकावयास आले, आणि डोपाच्या बाटलीची जागा कपड्यांच्या इस्त्रीनें घेतली.

पट चढविण्याची रीत सांगण्यासारखी आहे. प्रथम पंखाची खालची बाजू मढवितात, मग वरची, म्हणजे सांधा वरून दिसत नाहीं. मंद इस्त्रीनें आधीं कडा पक्क्या करावयाच्या. मग इस्त्री अधिक तापवून मधल्या भागावरून फिरवावी, कीं डोळ्यांदेखत सुरकुत्या विरतात आणि पंख आरशासारखा होतो. हें दृश्य पाहून थक्क न होणारा मुलगा विरळाच. पण दोन्ही बाजू सारख्या जपून ताणाव्या लागतात, नाहीं तर पंख मुरगळतो. नक्षीचे पट्टे निराळ्या रंगाच्या पटांतून कापून साबणाच्या पाण्यावर सरकवीत बसवितात, म्हणजे खालीं हवेचे फोड राहत नाहींत. फिकट रंगावर गडद पट्टा चालतो. गडदावर फिकट घातला तर खालचा रंग डोकावतो. शेपटीकडे फार नक्षी केली तर नाकांत शिसें भरून तोल साधावा लागतो. म्हणजे संक्रान्तीच्या पतंगवाल्याचाच हिशेब येथेंही चुकलेला नाहीं.

नव्या पटाची स्तुति करतांना एक गोष्ट नजरेआड होऊं नये. असा पट एका चौरस मीटरला साधारण ६०-७० ग्रॅम भरतो, तर जपानी कागद १२ ग्रॅमांच्या आसपास. शिवाय डोप दिलेला कागद किंवा रेशीम सांगाड्याला जो ताठरपणा देतें तो हा पट तितकासा देत नाहीं. पट गुळगुळीत, पण पंख मऊच राहतो. वेळ वांचला तो कोठें तरी फेडावा लागला, तो सांगाड्याच्या लांकडांत. जाणकार अजूनही लहान विमानांसाठीं कागदाकडे वळतात तें हट्टानें नव्हे. उलट याच पापुद्र्यानें एकदां मोठ्या माणसालाही उडविलें. १२ जून १९७९ रोजीं ब्रायन ॲलन या सायकलपटूनें केवळ पायांच्या बळावर 'गॉसमर अल्बट्रॉस' हें विमान इंग्लिश खाडीपलीकडे नेलें. यंत्राचें वजन अवघें ३२ किलो, आणि अंगावर मायलरचा पारदर्शक पापुद्रा. त्याचे निर्माते पॉल मॅक्क्रेडी बालपणीं प्रतिकृति-विमानांच्या स्पर्धा गाजविणारे होते, हें मुद्दाम सांगतों.

नक्षीचें खरें काम मात्र विमान हवेंत गेल्यावरच कळतें. शंभर-दीडशें मीटर उंचीवर विमान म्हणजे एक काळी आकृति. तें आपल्याकडे येत आहे कीं दूर जात आहे, सुलटें आहे कीं उलटें, हें जमिनीवरून उडविणाऱ्याला क्षणांत ठरवावें लागतें, आणि चुकलें तर महिन्यांचें काम मातीस मिळतें, खालीं कोणी उभें असलें तर त्याहून वाईट. म्हणून पंखाच्या वर एक रंग आणि खालीं रुंद पट्टे किंवा पटाचीं घरें, अशी निराळी मांडणी ठेवतात. आणि नागपुरांत उडवावयाचें असेल तर आणखी एक पथ्य. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, बाल्सा वाळून आंखडतो, पट सैल पडून सुरकुततो. निळा किंवा काळा पट ऊन अधिक पितो म्हणून त्याची गत अधिक वाईट. वरच्या अंगास पांढरा किंवा पिवळा पट निवडावा, विमान बंद मोटारींत ठेवूं नये, आणि उडवून झालें कीं लगेच लिंबाच्या सावलींत न्यावें.